रिकामा सूर

१

दुपारी जेवणं झाली की लोकांच्या घरी कूलर लागतो. आमच्याकडे कूलर लागतो आणि सूर लागतो. एप्रिलच्या शेवटापासून हे चालू आहे. सुरू मीच केलं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

मी माया. अमरावतीला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नोकरीपलीकडे माझा एकच नाद आहे, मॉड्यूलर सिंथेसायझर. म्हणजे एक लाकडी खोका आणि त्यात ओळीनं बसवलेले छोटे छोटे भाग. एक भाग सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा कमीजास्त करतो. या भागांमध्ये रंगीत वायरी खुपसायच्या तेव्हा कुठे आवाज येतो, आणि वायर उपटली की जातो. सगळं मी हातानं सोल्डर करून जोडलंय. आई त्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हणायची. स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "काय म्हन्ते तुयं एक्स्चेंज? आला का कोनाचा फोन?"

आई म्हणजे इंदूबाई. भीमगीतं गायची. बाबा, म्हणजे धर्मपाल गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि तिच्या पार्टीत पेटी वाजवायचे. पस्तीस वर्षं दोघांची गायन पार्टी फिरली. तिवसा, अचलपूर, अकोल्याकडची गावं, जिथून बोलावणं येईल तिथं. मागच्या दिवाळीनंतर आई गेली. बाबांनी पेटीवर कापड टाकलं, ते टाकलंच. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत. रिपोर्ट चांगले असलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर वाळत होता, आणि मला त्याचा एवढा राग यायचा की मी भांडी आपटायची.

सुट्ट्या लागल्या तेव्हा मी खोका माझ्या खोलीतून उचलून पुढच्या खोलीत आणला आणि सतरंजीवर, पेटीशेजारी ठेवला.

"बाबा, पांढरी एक देऊ का?"

पांढरी एक म्हणजे पेटीवरची पहिली पांढरी पट्टी, बाबांची स्वतःची, ते ज्या सुरात गुणगुणायचे ती. मी दिली. भरलेला, संथ सूर, मध्ये कुठे श्वासाला न थांबणारा. दहा मिनिटांनी बाबा खुर्चीवरून उठले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. त्या संध्याकाळी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. मी ओट्यापाशी उभी राहून रडून घेतलं आणि मग त्यांना वर जवसाची चटणी वाढली.

२

दुसऱ्याच दिवशी मी सूर चालू ठेवून गच्चीवर कुरड्या पालथ्या करायला निघाले, तर बाबा म्हणाले, "बंद करून जाय. मी बी जरा पडतो. रिकामा सूर ठेवू नये."

"रिकामा म्हंजे?"

"धरनारा नाई, गानारा नाई, अन् सूर चालू. पार्टीत असं करत नसतेत. पेटीवाल्यानं सूर धरला म्हंजे गानाऱ्याले बोलावनं गेलं. मंग गानारा येऊन बसते."

"बसू द्या," मी म्हटलं. "चहा टाकतो मी त्याच्यासाठी."

बाबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ही पार्टीची रीत आहे एवढंच ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की पेटीचा भाता मारून मारून माणसाचा हात दुखतो, म्हणून कोणीतरी ही रीत पाडली असेल. माझ्या खोक्याला हात नाही, त्याचं काही दुखत नाही.

आणि हे मी सांगत होते कोणाला? ज्या माणसानं पोरांच्या मनातली भीती जावी म्हणून अख्खी सातवी स्मशानात नेली आणि तिथं बसून सगळ्यांना भजी खाऊ घातली, त्याला. आमच्या घरी लिंबू-मिरची कधी दाराला टांगली गेली नाही, ती जेवणातच गेली. बाबांना वेळ वाईट नाही की वार वाईट नाही. तेव्हा मी त्यांचं बोलणं म्हातारपणाच्या खात्यात टाकलं आणि सूर चालू ठेवून गच्चीवर गेले. बाबा आतल्या खोलीत जाऊन पडले. पुढच्या खोलीत तासभर कोणी नव्हतं.

३

सोमवारी दोनच्या सुमारास मी चहाचं आधण ठेवत होते, तेव्हा पुढच्या खोलीत टकटक झाली. दोनदाच. लाकडावर बोटातली अंगठी आपटावी तशी. आणि सूर वर गेला.

मी बाहेर आले. बाबा सतरंजीवर डोळे मिटून बसलेले, दोन्ही हात मांडीवर. खोक्याजवळ कोणी नाही.

आता यात घाबरण्यासारखं काहीच नाही, हे मी कोणत्याही विद्यार्थ्याला फळ्यावर लिहून दाखवीन. असे सूर उष्णतेनं सरकतात. अमरावतीचा पारा पंचेचाळीसला, खोका हातानं बनवलेला, सरकायचाच. टकटक म्हणजे वायरीचा ढिला सांधा. मी फोनवर सूर मोजायचं ॲप उघडलं आणि खोक्यासमोर धरलं.

काळी एक. बरोब्बर काळी एक, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. पांढरी एकच्या लगेच वरची पट्टी.

उष्णतेला पट्ट्या कळत नाहीत. ती सुराला सरकवते ती हळूहळू, घसरत नेते आणि कुठेतरी मधेच सोडते. शिवाय माझा खोका तापला की सूर उतरतो, चढत नाही. दोन उन्हाळे मी हे वहीत लिहून ठेवलंय.

आणि ती टकटक मला ओळखीची होती. गाताना मध्येच बोलता येत नाही, म्हणून आमच्या पार्टीत खूण ठरलेली होती. पेटीच्या लाकडावर दोनदा टक, म्हणजे एक पट्टी वर घ्या. एकदा टक, म्हणजे एक पट्टी खाली. टक करायची ती गाणाऱ्यानंच, आणि ज्यानं टक केली त्यानं गायलंच पाहिजे. सहा-सात वर्षांची असताना मी मोझरीजवळच्या एका कार्यक्रमात गंमत म्हणून टक केली होती. बाबांनी पट्टी बदलली आणि भर मंडपात मला म्हणाले, "गा आता." मी गायले. लोक अजून सांगतात.

मी सोमवारी सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले आणि झोपताना स्वतःला बजावलं की ओळखीचा आवाज माणसाला कुठेही ऐकू येतो.

४

मंगळवारी टकटक झाली आणि पांढरी दोन लागली. बुधवारी काळी दोन. मी सकाळी सूर खाली आणून ठेवायची, दुपारी दोनला तो कालच्या जागेच्या एक पट्टी वर जाऊन बसायचा. बटण जागचं हललेलं नसायचं. मी बटणावर खडूची खूण करून ठेवली होती.

खरं सांगायचं तर मी तेव्हा खोका बंद करायला हवा होता. पण बाबा बदलत होते. मंगळवारी त्यांनी पेटीवरचं कापड काढलं आणि पेटी पुसली. बुधवारी दाढी केली आणि न्हाव्याची वाट न पाहता कानावरचे केस आरशात बघून स्वतःच कापले, वाकडे. जेवताना म्हणाले, "वांग्यात शेंगदाण्याचा कूट कमी झाला." सहा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकाला नावं ठेवली. एवढा आनंद मला पगारवाढीचासुद्धा झाला नव्हता. अशा वेळी कोण वायर उपटेल?

गुरुवारी मी ठरवलं की नीट पुरावा घ्यायचा. खोक्याची वायर संगीताच्या ॲपला जोडली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. या ॲपमध्ये आवाजाच्या दोन रेघा दिसतात, डावी आणि उजवी. खोका मी डावीकडे जोडला. उजवीकडे काहीही जोडलं नाही. फोनचा माइकही बंद केला.

दोन वाजून चार मिनिटांनी टकटक झाली. डावीकडच्या रेघेत सूर पांढरी तीनवर गेला. आणि त्याच्या जरा आधी उजवीकडची रेघ, जिला काही जोडलेलं नव्हतं, थोडीशी फुगली आणि परत सपाट झाली.

मी हेडफोन लावले आणि उजवीकडचा आवाज जास्तीत जास्त मोठा केला.

श्वास होता. कोणीतरी तोंड उघडून, पोटापर्यंत, भरभरून घेतलेला. गाण्याची पहिली ओळ उचलायच्या आधी घेतात तसा. मग क्षणभर तो धरून ठेवलेला. मग न गाताच सोडून दिलेला, आणि त्यानंतर टकटक.

माझं बालपण ढोलकीच्या मागं, या श्वासापासून हातभर अंतरावर झोपण्यात गेलंय. मला तो कोणाचा ते विचारावं लागलं नाही. मी हेडफोन काढले, फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ कूलरमध्ये पाणी भरत बसले. कूलर भरलेलाच होता.

५

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते मला झापतील, वर एक भाषण देतील. त्यांनी हेडफोन कानाला लावले, ऐकलं, आणि डोळे मिटूनच म्हणाले, "पाह्य, घेतला श्वास. अन् सोडला. पट्टी नाई जमली तिले."

"बाबा, हे काय बोलून राहिले तुमी? आपल्यात भूत-बित मानत नाई."

"मानतच नाई. कोन म्हन्ते भूत?" ते खरोखर चिडले. "ती तुई आई हाय."

मी पातेलं घासायला घेतलं. ते मागून आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या अंगाला साबणाचा वास होता.

"तुले भेव वाटते का?"

"वाटते."

"मले नाई वाटत," ते म्हणाले. "मले बरं वाटून राहिलं, माया. सहा महिन्यांत मले कोनी पट्टी मांगितली नव्हती."

मला रडू आलं ते भीतीनं की मायेनं, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. मी नळ मोठा सोडला.

६

शुक्रवारी पांढरी चार, कारण पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काळी नसते, आणि शनिवारी काळी तीन. रविवारी नागसेनकाका आले.

काका म्हणजे आमच्या पार्टीचे ढोलकीवाले. अकोल्याला असतात. बाबांनी फोन करून बोलावलं होतं. बसस्टँडवरून ऑटोनं आले आणि दारातूनच ओरडले, "गुर्जी, कायले बोलावलं? लग्न-बिग्न हाय का पोरीचं?" मी एक्केचाळीस वर्षांची आहे, आणि काका हा विनोद वीस वर्षं करत आहेत.

मी त्यांना मुद्दामच काही सांगितलं नाही. म्हटलं, तिऱ्हाईत माणसाला ऐकू येतं का ते पाहू. तिघंही जेवलो. काकांनी पान लावलं. त्या सकाळी मी सूर खाली आणला नव्हता, तो काळी तीनवरच चालू होता, आणि काका निवडणुकीच्या ड्युटीत घडलेला काहीतरी किस्सा सांगत होते.

टकटक.

काकांचं बोलणं चालूच राहिलं. पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर आले, डाव्या हातानं नसलेली ढोलकी धरली आणि उजव्या हातानं तिची दोरीची कडी एकेक करून वर सरकवली. पट्टी चढली की ढोलकी ताणावी लागते. त्यांनी पाच कड्या सरकवल्या आणि सहाव्या कडीशी त्यांना कळलं की आपण काय करत आहोत. किस्सा अर्धाच राहिला. ते आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत बसले.

पांढरी पाच लागली होती.

बाबा प्रसन्न दिसत होते. "ऐकलं न, नागसेन?"

"ऐकलं, गुर्जी."

बाबा हात धुवायला गेले तसे काका माझ्याकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "कवापासून हाय हे?"

"सोमवारपासून. रोज एक पट्टी."

"मंग उद्या काळी चार लागते." त्यांनी पान तोंडातून काढून कागदात गुंडाळलं. "तुले आठवते न, काळी चार झाली का काय होये?"

आठवत होतं. आठवडाभर आठवत होतं, फक्त मी तिकडे पाहत नव्हते. आई कार्यक्रमाला खालच्या पट्टीत बसायची आणि गळा तापेल तसतशी एकेक पट्टी वर चढायची. काळी चार ही तिची शेवटची पट्टी. त्यात ती एकच गाणं म्हणायची, आणि ते संपलं की बाबा भाता बंद करायचे आणि दोघं उठायचे. लोकांनी कितीही आग्रह केला तरी चहाला थांबायचे नाहीत. काका ढोलकी झोळीत घालायचे, बाबा स्कूटर काढायचे. मी मागं गोधडीत झोपलेली असायची. मला कोणी उठवायचं नाही. काळी चार कानावर पडली की मी झोपेतच पायानं चपला शोधायला लागायची.

"काळी चार म्हंजे निघाचं," काका म्हणाले. "अन् तुये बाबा तिच्याबिगर कवाच निघाले नाई, ना ती त्यायच्याबिगर. उद्या घरी राय, पोरी."

चहा न घेताच ते गेले. जाताना बाबांच्या पाया पडले. याआधी कधी पडले नव्हते.

७

सोमवारी सकाळी मी खोक्याच्या सगळ्या वायरी उपटल्या, मोजून बत्तीस, आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाबांनी पाहिलं. त्यांनी आंघोळ केली आणि कार्यक्रमाचा पांढरा शर्ट घातला. मग मला बोलावून त्यांच्या कपाटातल्या फायली दाखवल्या. घराचे कागद इथं, पेन्शनचं पुस्तक इथं, गॅसचं कार्ड इथं. शाळेत चार्ज देताना दाखवतात तसं, एकेक. मी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होते.

दोन वाजता ते सतरंजीवर बसले, पेटी पुढ्यात ओढली, भाता सोडला आणि स्वतःच्या बोटानं पांढरी पाच धरली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी यंत्राची काळजी करत बसले होते.

"बाबा, उठा."

"सूर धरनारा उठत नसते."

"मंग मले काय टाकून जाता?" मी म्हटलं. "मले तुमी पायजे. चांगले जेवून राहिले, चांगले बोलून राहिले. वांग्याले नावं ठेवून राहिले. आता कुठी तुमी मले परत भेटले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण भात्यावरचा हात चालूच होता. "मी कुठी जाऊन राहिलो, माया? मी सूर धरून राहिलो. ती गानं म्हनन, मी ऐकीन. बस."

खोलीत आम्ही दोघंच होतो. कूलरचा पंखा, पेटीचा सूर, बाहेर कोणाचा तरी कुकर. आणि या सगळ्यांच्या अलीकडे, हेडफोनशिवाय, बाबांच्या डाव्या हाताला आई बसायची त्या जागेवरून कोणीतरी श्वास घेतला. धरला. सोडला.

टक. टक.

पेटीचं लाकूड थरथरलेलं मी पाहिलं. बाबांचं बोट पांढरी पाचवरून उचललं गेलं आणि काळी चारच्या वर आलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जे मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतच पाहिलं आहे.

मी वाकून पेटीवर टक केली. एकदाच.

बोट हवेत थांबलं. भाता थांबला. बाबांनी मान वळवली, आणि त्या चेहऱ्यावर गुरुजी परत आले.

"टक कोनं केली?"

"मी."

"काहून?"

"खाली घ्या. एक पट्टी खाली."

मला वाटलं, आता हात झिडकारतील. पण रीत ती रीत. त्यांनी भाता हलवला, बोट खाली आणलं आणि, काळी चार अजून वाजलीच नव्हती म्हणून, पांढरी पाच ओलांडून काळी तीन धरली.

"मंग गा," ते म्हणाले.

मला गाता येत नाही. आई म्हणायची, तुले सूर नाई देला, वायरा देल्या. मी आईचं कार्यक्रमातलं पहिलं गाणं उचललं, ती खालच्या पट्टीत म्हणायची ते. पहिलीच ओळ घसरली. दुसरी ओळ मी बोलल्यासारखी म्हटली. गाणाऱ्यानं उभं राहून गायचं नसतं, म्हणून मी बसायला लागले, आणि बसायला जागा एकच होती, पेटीच्या डाव्या हाताला.

तिथं सतरंजीला एक वळी पडलेली होती. मी बसता बसता ती वळी हातभर पलीकडे सरकली. कोणीतरी न उठता, बसल्या बसल्या, सरकून जागा करून द्यावी तशी. लहानपणी मी झोपेतून उठून मंचावर आले की आई गाणं न थांबवता अशीच सरकायची.

मी त्या जागेवर बसले. सतरंजी गरम होती. मे महिन्यात फरशीसुद्धा गरम असते, हे मला माहीत आहे.

८

आता जून संपत आला. कॉलेज सुरू झालंय. मी दुपारची सुट्टी जोडून घेते आणि दोनच्या आत घरी येते. खोका माझ्या खोलीत परत गेला, त्याच्यावर धूळ बसलीय. बाबा दोन भाकरी खातात, वांग्याला नावं ठेवतात, आणि पेटी वाजवतात. रोज दोनदा टक होते. रोज मी एकदा टक करते. बाबा काळी तीनवरच राहतात आणि मी गाते. भांडण नाही, कुरकुर नाही. शेजारच्या प्रतीक्षाताई म्हणाल्या, "तुमच्या घरात रोज कार्यक्रम असते का?" मी म्हटलं, हो, असते.

एका गोष्टीचा मी आधी विचार केला नव्हता. रोज गायलं की गळा सुधारतो. पंधरा दिवसांत माझी पहिली ओळ घसरायची थांबली. मागच्या आठवड्यात मी फोनवर नागसेनकाकांना दोन ओळी ऐकवल्या, तर ते म्हणाले, "इंदूताईचा श्वास हाय तुले." बाबा तर रोजच म्हणतात. आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? आई असताना मी तिच्याजवळ कधी एवढा वेळ बसले नाही.

काल दुसऱ्या कडव्यात गळा एकदम मोकळा झाला. सूर आतून भरून आला आणि काळी तीन मला तोकडी पडायला लागली, लहानपणीचा फ्रॉक काखेत दाटावा तशी. मी श्वास घेतला, धरला, आणि ओळ न म्हणताच सोडला.

टक. टक.

मी उत्तराची एक टक करायला हात उचलायला गेले. हात आधीच पेटीवर होता. बोट लाकडाला टेकलेलं होतं, अंगठीसकट. ती अंगठी आईची आहे, मी याच महिन्यात घालायला लागले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं बरं वाटलेलं मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "पाह्य," ते म्हणाले, "आता समजलं न तुले. गळा तापला का वरच जाव लागते." आणि त्यांनी पांढरी पाच धरली. तिथून काळी चार एकच पट्टी वर आहे.

मी पूर्ण गाणं म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. गाणं संपल्यावर बाबा भाता मिटत होते तेव्हा माझं खाली लक्ष गेलं. मांडीतून माझा एक पाय सुटून सतरंजीच्या बाहेर गेला होता, आणि फरशीवर इकडेतिकडे फिरत चपला शोधत होता.